लग्नसराई संपल्यावर कॅमेऱ्याने कमाई: स्टॉक, प्रॉडक्ट शूट की प्रिंट?

मुपो_कोरेगाव
नमस्कार मंडळी. सातारा भागात लग्न-बारशाची कामं करतो. आषाढी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत ऑर्डरी जवळपास बंद. सामान असं: २४ मेगापिक्सेल फुलफ्रेम बॉडी, २४-७० लेन्स, जवळून काढायची १०० मॅक्रो लेन्स, दोन स्पीडलाइट, एक सॉफ्टबॉक्स, ट्रायपॉड. हार्डडिस्कवर कासची फुलं, लोणंद-फलटणची वारी, गुऱ्हाळ, ऊसतोड, किल्ले असा बराच माल आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. स्टॉक साइटवर, म्हणजे जिथून लोक वापरायला फोटो विकत घेतात तिथे, टाकण्यात अर्थ आहे का? एका कॅलेंडरवाल्याला कासचे चार फोटो हवेत, "नाव टाकतो" म्हणतो. त्याला काय सांगू? आणि नवीन सामान न घेता या चार महिन्यांत कोणतं काम लगेच मिळू शकतं?

---

बारीक_नजर
स्टॉकबद्दल. अडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीतले ३३ टक्के देतं. शटरस्टॉकचे टप्पे १५ ते ४० टक्के, वर्षभरातल्या डाउनलोडवर ठरतात आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाशी. ग्राहक सबस्क्रिप्शनवाला असला तर एका डाउनलोडमागे सेंटच हातात पडतात. अडोबीवर २५ डॉलर जमेपर्यंत पैसे काढताही येत नाहीत. शंभर फोटो टाकून लेन्सचा हप्ता निघेल ही आशा ठेवू नका.

किल्ल्याचा बुरूज आणि मागे सूर्यास्त हा माल तिथे आधीच ढिगाने आहे, शिवाय एआयने बनवलेली चित्रंही आता त्याच शोधात समोर येतात. तुमच्याकडे चालण्यासारखं आहे ते कासचं मॅक्रो आणि गुऱ्हाळ.

कासच्या फोटोखाली "जांभळी फुलं, पठार" लिहिलंत तर तो बुडाला. सीतेची आसवं असतील तर युट्रिक्युलारिया पर्प्युरासेन्स, टोपली कारवी असेल तर स्ट्रोबिलँथस सेसिलिस, अशी शास्त्रीय नावं रोमन लिपीत हवीत. पाठ्यपुस्तकवाले आणि निसर्गविषयक मासिकं नावानेच शोधतात. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा फुलोऱ्याचं सालही लिहा. जातीची खात्री नसेल तर वंशाच्या नावावर थांबा. चुकीचं नाव दिलेला फोटो संपादक एकदा परत पाठवतो, दुसऱ्यांदा तुमच्याकडे बघत नाही.

गुऱ्हाळाचा एकच देखणा फोटो नको, पूर्ण क्रम हवा: चरकात ऊस, चुलवाणात चिपाड, काहिलीवरची मळी काढणारा गुळव्या, वाफ्यात ओतलेला पाक, साच्यातली ढेप. वाफ मागून उजेड असेल तरच दिसते, म्हणून दाराकडे तोंड करून उभे राहा. लेन्सवर बाष्प धरतं. कॅमेरा पंधरा मिनिटं आधी बॅगेबाहेर काढून तिथल्या हवेला येऊ द्या. शेडमध्ये ट्यूब, जाळ आणि दिवसाचा उजेड एकत्र असतात. ट्यूब बंद करायला सांगा, नाहीतर गुळाला हिरवट छटा येते आणि ती एडिटिंगमध्ये पूर्ण जात नाही.

ओळखू येणारा चेहरा असेल आणि त्या माणसाने सही केलेला मॉडेल रिलीज, म्हणजे परवानगीचा कागद नसेल, तर फोटो फक्त एडिटोरियल म्हणून, म्हणजे बातमी-लेखापुरता जातो. तुमची सगळी वारी त्यात आली. एडिटोरियलला शटरस्टॉकचा कॅप्शनचा साचा ठरलेला आहे: आधी शहर, राज्य, देश, मग तारीख, मग काय चाललंय ते. "चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण" इतकं नेमकं लिहा. यात काहीही पुसायचं किंवा घालायचं नाही. कमर्शियलला, म्हणजे जाहिरातीच्या वापराला, उलट: ट्रॅक्टरचा लोगो, खताच्या गोणीवरचं नाव, बनियनवरची छपाई सगळं काढावं लागतं.

फोटो नापास होतात ते बहुधा सावल्या फार उचलल्याने आलेल्या दाण्यांमुळे, जादा शार्पनिंगने कडांना आलेल्या पांढऱ्या रेघेमुळे किंवा सेन्सरच्या धुळीमुळे. किमान ४ मेगापिक्सेल लागतात, त्यामुळे दाणेदार २४ चा फोटो १२ वर आणून टाकलात तर बऱ्याचदा पास होतो. कलर एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनचा नेहमीचा रंगसाचा. अडोबीत ४९ पर्यंत कीवर्ड चालतात, पण पहिल्या दहांचं वजन जास्त. महत्त्वाचे वर ठेवा.

अमेरिकेच्या टॅक्सचा डब्ल्यू-८बेन फॉर्म पॅन क्रमांक घालून भरा. भारत-अमेरिका करारामुळे अमेरिकेतल्या विक्रीवरची कपात ३० ऐवजी १५ टक्के होते. कापलेल्या कराचं क्रेडिट इथल्या रिटर्नमध्ये घेता येतं, सीएला आठवणीने सांगा.

---

कलम_सतरा
कॅलेंडरवाल्याबद्दल. "नाव टाकतो" हा मोबदला नव्हे. नाव तर त्याने टाकायलाच हवं.

कासचे फोटो तुम्ही स्वतःहून काढलेत, तेव्हा हक्क तुमचेच. लग्नाचं तसं नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ (ब): कोणी सांगून, पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो ग्राहक. म्हणजे ऑर्डरीतल्या नवरीचा फोटो स्टॉकवर टाकणं किंवा ज्वेलरला देणं बसत नाही. पुढच्या लग्नापासून ऑर्डरच्या कागदावरच हक्काचं आणि पोर्टफोलिओच्या वापराचं वाक्य घाला, त्यावर सही घ्या.

किंमत सांगण्याआधी त्याला विचारा: प्रती किती, पान केवढं, कोणत्या वर्षाचं, आणि तेच फोटो दुसऱ्या कोणाला देता येतील का. हक्क फक्त त्याच्याकडेच राहणार असेल तर दर निदान दुप्पट धरा. तेवढ्या काळात तुमची बाकीची विक्री थांबते. बिलावर असं लिहा:

"२०२७ च्या भिंतीवरील कॅलेंडरमध्ये, ५,००० प्रतींपर्यंत, एकदाच छापण्याची परवानगी. जाहिरात, पॅकिंग, वेबसाइट व समाजमाध्यमांवरील वापर यात समाविष्ट नाही. मालकी छायाचित्रकाराकडे राहील."

मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. न लिहिल्यास कलम १९ प्रमाणे मुदत पाच वर्षं आणि प्रदेश संपूर्ण भारत धरला जातो. एका कॅलेंडरच्या पैशांत पाच वर्षं कशाला द्यायची?

निवडीसाठी आधी १,२०० पिक्सेलच्या वॉटरमार्कवाल्या फाइली द्या. पैसे आल्यावर मोठी फाइल, छपाईच्या मापाला ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), टिफ किंवा कमी कॉम्प्रेशनचं जेपेग. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर फाइल दबते आणि आत भरलेली नाव-हक्काची माहितीही उडते. ड्राइव्हची लिंक द्या. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंतलं रूपांतर प्रेसवाल्यालाच करू द्या, पण प्रूफ (नमुना छपाई) मागा. कासचा जांभळा-निळा छपाईच्या शाईत हमखास मळतो, आणि नावाखाली बोलणी मात्र फोटोग्राफरला.

जीएसटी: सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका.

---

थर्माकोल_आणि_बटरपेपर
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रॉडक्ट शूट. साताऱ्यात मसाले, काकवी, मध, स्ट्रॉबेरी जॅम, हळद विकणारे बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. ऑनलाइन विकायला गेले की त्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो अडतो. अॅमेझॉनच्या मुख्य फोटोचे नियम ठरलेले आहेत: शुद्ध पांढरी पार्श्वभूमी, म्हणजे आरजीबी तिन्ही २५५, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला, वर मजकूर किंवा वॉटरमार्क नाही, झूम चालायला लांब बाजू १,००० पिक्सेलच्या पुढे. तुम्ही २,००० द्या.

दोन स्पीडलाइटमध्ये हे होतं. टेबल मागच्या पांढऱ्या कागदापासून तीन-चार फूट पुढे ओढा. एक फ्लॅश फक्त कागदावर, दुसरा सॉफ्टबॉक्समधून वस्तूवर, समोरच्या बाजूला थर्माकोलची शीट. आयएसओ १००, एफ/११, १/१६०. आधी वस्तूवरचा फ्लॅश बंद करून नुसता कागद पांढरा करून घ्या. तो वस्तूपेक्षा अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर असला की पुरे. त्याहून वाढवलात तर उजेड लेन्सकडे परत येतो, पाउचच्या कडा खाल्ल्या जातात आणि सगळा फोटो धुरकट होतो. नवशिके इथेच अडकतात आणि मग रात्रभर पेन टूल घेऊन कडा कापत बसतात.

चकचकीत पाउचवर फ्लॅशचा ठिपका दिसतो. मध्ये मोठा बटर पेपर ताणा, सॉफ्टबॉक्स चित्रात येणार नाही इतपत जवळ आणा. अर्धवट भरलेलं पाउच सुरकुततं. हवा काढून मागून डबल टेपने ओढून घ्या. मधाची बाटली समोरून उजळली की काळी दिसते. उजेड मागून द्या, बाटलीच्या आकाराचा पांढरा पुठ्ठा कापून ती झाकेल असा मागे उभा करा, म्हणजे मध पेटल्यासारखा दिसतो; दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे लावले की काचेची कड उठते. गूळ पावसाळी हवेत पाझरतो, तेव्हा फ्रेम पूर्ण लागेपर्यंत तो डब्यातच राहू दे.

दर दिवसावर नको, दर वस्तूवर सांगा आणि वस्तूमागे काय मिळणार तेही: समोरून, मागचं लेबल, मापाचा अंदाज देणारा, आणि एक ताटात-वाटीत मांडलेला. प्रत्येक वस्तूचे दोन-तीन नग मागवा, एकाचं लेबल तिरकं निघतंच. लेबलचं डिझाइन बदललं तर ते नवीन काम, हे कोटेशनमध्येच लिहा. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले मोठ्या फाइली देण्याआधी.

---

चौकटवाला
बारीक_नजर यांच्याशी एका बाबतीत पटत नाही. किल्ले स्टॉकवर चालणार नसले तरी भिंतीवर चालतात, कासही. महाबळेश्वर-पाचगणीचे होमस्टे बघा, परदेशातल्या तळ्यांची पोस्टरं लावून बसलेत. तिथे खोल्यांचे फोटो आणि फ्रेम असं एकत्र काम मागा.

तुमच्या ६००० × ४००० पिक्सेलमधून ३०० पीपीआयने (इंचामागे पिक्सेल) २० × १३ इंच निघतं, म्हणजे १२ × १८ आरामात. २४ × ३६ ला १६६ पीपीआय उरतात. सोफ्यामागच्या भिंतीवर, चार-पाच फुटांवरून, मॅट कागदावर किंवा कॅनव्हासवर चालून जातं.

प्रिंट काळपट आली की लोक लॅबला दोष देतात. दोष बहुधा स्क्रीनचा असतो. लॅपटॉप पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलं की फोटो डोळ्याला उजळ वाटतो आणि प्रत्यक्षात गडद राहतो. कॅलिब्रेटर असेल तर स्क्रीन १०० ते १२० कँडेलावर आणा. नसेल तर त्याच लॅबकडून एक लहान चाचणी प्रिंट काढा, स्क्रीनशेजारी धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत स्क्रीनचा उजेड उतरवा. लॅबकडे आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या कागद-शाईच्या रंगांची फाइल) मिळत असेल तर सॉफ्ट प्रूफ करून घ्या, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच बघा.

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथे प्रिंट काचेला चिकटली की दुसऱ्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशीचे ठिपके. मध्ये माउंट बोर्ड (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालून अंतर ठेवा, मागची बाजू टेपने पूर्ण बंद करा आणि खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, म्हणजे भिंतीपासून हवा खेळते. पावसाच्या तोंडच्या भिंतीवर फ्रेम नकोच, मालकाने हट्ट केला तरी.

खोल्यांना २४ एमएम पुरतं. कॅमेरा साधारण चार फूट उंचीवर, उभ्या रेषा सरळ. खिडकीसाठी कमी-जास्त उजेडाचे तीन एक्स्पोजर घेऊन जोडा. याहून रुंद लेन्सने दहा बाय दहाची खोली हॉलएवढी दिसते आणि पाहुणे येऊन मालकाशी भांडतात.

---

मुपो_कोरेगाव
सगळ्यांचे आभार. अजून एक विचारतो. वारीतल्या एका आजीचा क्लोज-अप आहे, डोक्यावर तुळस. एका पतसंस्थेला तो जाहिरातीच्या फ्लेक्ससाठी हवाय आणि पैसे बरे देतायत. आजी कोण, कुठल्या, काहीच माहीत नाही. देऊ का?

---

कलम_सतरा
नको, दादा. फोटोचा हक्क तुमचा असला तरी आजींचा चेहरा जाहिरातीला लावायची परवानगी तुमच्याकडे नाही. बातमीत किंवा वारीवरच्या लेखात तो फोटो चालेल. फ्लेक्सवर गेला की आजींनी त्या पतसंस्थेची शिफारस केली असा अर्थ निघतो, आणि घरचे आले तर आधी तुम्हाला गाठतील. पतसंस्थेला पाठमोऱ्या दिंडीचा, पताकांचा किंवा चेहरा ओळखू न येणारा फोटो दाखवा. नाहीतर ओळखीतल्या एखाद्या आजींना मानधन द्या, फॉर्म मराठीत वाचून दाखवा, सही-तारीख-पत्ता घ्या आणि नव्याने काढा.

---

दोन_बाय_दोन
मोठ्या कामांच्या गर्दीत एक छोटं राहिलं: व्हिसाचे फोटो. मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील आपल्याकडे भरपूर. त्यांना २ × २ इंच लागतं, डिजिटलला ६०० ते १,२०० पिक्सेलचा चौरस, पांढरी पार्श्वभूमी, हनुवटीपासून डोक्यापर्यंत चेहरा चौकटीच्या ५० ते ६९ टक्के. चष्मा २०१६ पासून चालत नाही. ३५ × ४५ मिमीचा आपला नेहमीचा फोटो कापून हे बनवू नका, डोक्यावर जागाच उरत नाही. प्रॉडक्टसाठी लावलेला पांढरा कागद आणि सॉफ्टबॉक्स इथेही तसाच चालतो, फक्त माणसाला कागदापासून चार फूट पुढे बसवा, नाहीतर कानामागे सावली येते. चेहरा ब्यूटी फिल्टरने गुळगुळीत केलात तर फोटो नाकारला जाऊ शकतो, आणि मग काका-काकू थेट तुमच्या दारात.