मदत हवी आहे: कॅल्शियम स्कोर शून्य, पण वडील ४८ व्या वर्षी गेले. गोळी थांबवावी का?

सांजवेळ:
प्रश्न धाकट्या भावाचा आहे, पण तो इथे येऊन विचारणाऱ्यातला नाही, म्हणून मी लिहितोय.

बाबा ४८ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. शुगर नाही, बीपी नाही, सिगरेट कधी हातात धरली नाही. मोठ्या काकांची बायपास ५२ व्या वर्षी. मी ४६ वर्षांचा, पुण्यात. भाऊ ४१, न्यू जर्सीत. दोघांनीही हृदयाचा कॅल्शियम स्कोरवाला सीटी काढला. डाय नाही, सुई नाही. छातीवर ईसीजीचे स्टिकर, श्वास रोखा, सोडा, उठा. माझ्या रिपोर्टमध्ये हृदयाच्या एलएडी या रक्तवाहिनीत ३१, आरसीएत ७, बाकी दोन रक्तवाहिन्यांत शून्य, एकूण ३८. त्याच्याकडे सगळीकडे शून्य.

माझं फारसं अडलेलं नाही. डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गोळी) लिहून दिली, घेतोय. पण धाकट्याने रिपोर्ट हातात पडताच त्याची स्टॅटिन बंद केली. गोळीआधी त्याचा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२ होता. म्हणतो, "दादा, झिरो म्हणजे झिरो. बाबांचं ते माझ्यात आलंच नाही." आईने देवापुढे पेढे ठेवले. आता मी तोंड उघडलं की मीच अपशकुनी.

घरातला इतिहास शून्य स्कोरने खोडला जातो का? आणि मी दोन वर्षांनी परत स्कॅन काढून गोळीचा गुण येतोय का ते बघू शकतो का?

क्षकिरण:
रेडिओलॉजीत आहे, म्हणून मशीन काय मोजतं तेवढं सांगतो. १९९० साली अगॅट्स्टन आणि जानोविट्झ यांनी ही पद्धत मांडली. १३० हाउन्सफील्ड युनिट (सीटीत दाटपणा मोजायचं एकक) किंवा त्याहून दाट दिसणारा ठिपका कॅल्शियम धरायचा, त्याचं क्षेत्रफळ आणि दाटपणा मिळून आकडा काढायचा. म्हणजे दिसतो तो चुना झालेला, जुना प्लाक (रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेला थर). मऊ, नवा, चरबीचा प्लाक या स्कॅनमध्ये मोजलाच जात नाही. ६५ व्या वर्षी शून्य आला तर मी स्वतः जाऊन हात मिळवेन. ४१ व्या वर्षी बहुतेकांचा शून्यच असतो, त्यात विशेष काही नाही.

तुमचा ३८ दिसायला किरकोळ, पण वयाच्या मानाने बघा. मेसा या मोठ्या अमेरिकन अभ्यासाचं कॅल्क्युलेटर ४५ ते ८४ वयासाठी आहे, त्यात घाला. ७५ पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे तुमच्या वयाच्या शंभरातल्या ७५ जणांपेक्षा जास्त, निघेल असा अंदाज आहे, आणि तसं असेल तर गोळी योग्यच.

पुन्हा स्कॅन कशाला? स्टॅटिनने प्लाक घट्ट होतो, त्यात चुना वाढतो, स्कोर वर जाऊ शकतो. मग तुम्ही घाबरून गोळी बंद कराल. गुण बघायचा तर एलडीएल तपासा.

उंबरठा:
हे सगळं औषध कंपन्यांचं पिल्लू आहे. आमचे आजोबा रोज तूप खाऊन ९१ पर्यंत जगले.

गवतीचहा:
@उंबरठा, तुमच्या आजोबांना नमस्कार, पण धागा ४८ व्या वर्षी गेलेल्या माणसाच्या मुलाचा आहे.

सांजवेळ, मी शिकागोजवळ राहते आणि याच चक्रातून गेले आहे. शून्याचं महत्त्व खोटं नाही. मेसा अभ्यासात ६,८१४ लोक होते. स्कोर शून्य असलेल्यांत दहा वर्षांत हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे होण्याचं प्रमाण गटानुसार १.३ ते ५.६ टक्के, तर ३०० च्या वर असलेल्यांत १३.१ ते २५.६ टक्के. फरक मोठा आहे. पण तो हिशेब दहा वर्षांचा. भाऊ ४१ चा आहे, त्याला ५१ नंतरही जगायचंय ना? शिवाय मेसात आपले लोक नव्हतेच. दक्षिण आशियाई लोकांचा वेगळा अभ्यास २०१० पासून इथे आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात झाला, त्याचं नाव मसाला (हो, खरंच). त्यात आपल्या पुरुषांचा कॅल्शियम गोऱ्या पुरुषांच्या बरोबरीने निघाला.

आता मुद्द्याचं. अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत शून्य आल्यास स्टॅटिन लांबवायला मुभा आहे, पण अपवाद लिहिलेत: मधुमेह, सिगरेट आणि घरात लवकर झालेला हृदयविकार. लवकर म्हणजे पुरुषात ५५ च्या आत, बाईत ६५ च्या आत. तुमचे बाबा त्यात बसतात. भावाने नेमकी ती ओळ सोडली. फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या जुन्या हृदय-अभ्यासाच्या पुढच्या पिढीच्या पाहणीतही, आईवडिलांना लवकर त्रास झालेल्या पुरुषांत बाकीचे घटक जमेस धरूनही जोखीम साधारण दुप्पट निघाली होती.

क्षकिरण:
+१. आणि दोघांनीही एलपी-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक आनुवंशिक कण) करा. साधी रक्ततपासणी, प्रौढपणी एकदा केली की बहुधा पुरते, कारण तो आकडा जवळजवळ सगळा जनुकांवर ठरतो. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर म्हणजे जोखीम वाढवणारा. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो येत नाही. शुगर-बीपी नसताना ४८ व्या वर्षी माणूस जातो, तेव्हा मला पहिला संशय याचाच येतो.

सांजवेळ:
धन्यवाद मंडळी. ती अपवादाची ओळ भावाला पाठवली. उत्तर आलं, "बघतो." आमच्या घरात हा बराच मोठा होकार आहे. पुढच्या महिन्यात त्याची डॉक्टरांची भेट आहे, एलपी-ए तेव्हाच करून घेईल. माझं रक्त उद्या देतोय. गोळीचं तो त्यांच्याशीच बोलेल, मी मध्ये पडत नाही.

अजून एक. माझी मुलगी १७ वर्षांची आहे. तिचं आत्ताच काही करायचं का?

क्षकिरण:
स्कॅन अजिबात नको, या वयात त्यात काही दिसणार नाही, उगाच रेडिएशन. लिपिड प्रोफाइल करून घ्या. तुमची एलपी-ए जास्त निघाली तर तिचीही.