शहरातल्या तिकीटसंग्राहक मंडळाची अखिल भारतीय संस्था करायची आहे: घटना, वर्गणी आणि फिरतं पाकीट

रावपुरा_३९०००१ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या एका तिकीटसंग्राहक मंडळाबद्दल विचारतो आहे. नोंदणी दोन्हीकडे आहे: १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि चॅरिटी कमिशनरकडे ट्रस्ट म्हणून. हजेरीपटावर १४० नावं, वर्गणी नियमित भरणारे साधारण ६०. मुख्य विषय संस्थानी टपाल तिकिटं, तसंच दस्तऐवजांवर लावायची रेव्हेन्यू आणि कोर्ट फीची तिकिटं. इंदूर, ग्वाल्हेर, पुणे, कोलकाता, चेन्नई इथले संग्राहक सभासद व्हायला तयार आहेत, म्हणून संस्था देशभराची करावी असा विचार चालू आहे. अडलंय ते असं:

जुन्या मंडळाची घटना बदलावी की नवीन संस्था काढावी? आजीव सभासद घ्यावेत का? सभासदांची जादा तिकिटं विक्रीसाठी टपालानं फिरवायची तर किती जणांत, आणि पाकीट हरवलं तर भुर्दंड कोणाचा? छापील त्रैमासिक परवडेल का?

हिशेबनीस

नवीन संस्था काढू नका. जुना पॅन, बँक खातं, लेखापरीक्षणाची वर्षं, सगळं हातचं सोडून पळत्याच्या मागे लागल्यासारखं होईल. घटनाच बदला, पण त्याआधी हजेरीपट साफ करा.

कारण असं: उद्देश बदलायचे तर १८६० च्या कायद्याचं कलम १२ लागतं. प्रस्ताव लेखी किंवा छापील स्वरूपात सभेच्या किमान १० दिवस आधी प्रत्येक सभासदाला पोचला पाहिजे. पहिल्या विशेष सभेत एकूण सभासदांच्या तीन पंचमांश मतं हवीत (हजर सभासदांच्या नव्हे). मग एक महिन्याच्या अंतरानं दुसरी विशेष सभा, तिथं हजर असलेल्यांच्या तीन पंचमांश मतांनी शिक्कामोर्तब. तुमच्या १४० नावांचे तीन पंचमांश ८४ होतात आणि वर्गणी भरणारेच ६० आहेत, म्हणजे पहिल्याच सभेत गाडी अडणार.

सुटका कलम १५ मध्ये आहे. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत नाही, आणि मोजणीत तो सभासद धरलाही जात नाही. थकबाकीदारांना एक शेवटचं पत्र पाठवा, त्याची पोच ठेवा, कार्यकारिणीत यादी मंजूर करून इतिवृत्तात लिहा. उरले ६०, त्यांचे तीन पंचमांश ३६. एवढी मतं मुखत्यारपत्रं धरून जमतात.

बदल मंजूर झाला की चॅरिटी कमिशनरकडे फेरफार अर्ज परिशिष्ट ३ मध्ये, ९० दिवसांच्या आत. पदाधिकारी बदलले तरी हेच. बडोद्याच्या मंडळांत इतिवृत्त बहुधा मराठीत असतं, तेव्हा गुजराती किंवा इंग्रजी प्रत सही-शिक्क्यानिशी जोडा, नाहीतर कागद परत येतात. नावात ‘अखिल भारतीय’ घालायचं तर निबंधक कार्यालय वेगवेगळ्या राज्यांतल्या सभासदांच्या सह्या आणि पत्त्यांचे पुरावे मागू शकतं, ते आधीच गोळा करा. सरकारी आश्रयाचा भास होईल असं नाव मात्र घेऊ नका, १९५० चा बोधचिन्हं आणि नावांचा कायदा आड येतो.

देशभर सभासद म्हणजे निवडणूक टपालानं. दोन लिफाफ्यांची पद्धत ठेवा: आतला कोरा, त्यात मतपत्रिका, बाहेरच्यावर सभासद क्रमांक आणि सही. बाहेरचा पडताळून फोडायचा, आतले सगळे एकत्र मिसळायचे, मगच मोजणी. हे घटनेतच लिहा, पोटनियमात नको. पोटनियम कार्यकारिणी एका बैठकीत बदलू शकते.

परदेशातला कोणी देणगी देतो म्हणाला तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका.

पाकीटवाला

संस्था टिकते की मोडते ते फिरत्या पाकिटावर ठरतं. पत्रिका उशिरा निघाली तर लोक कुरकुरतात. पाकिटात तिकीट बदललं गेलं तर लोक संस्था सोडतात. म्हणून याबद्दल सविस्तर लिहितो.

पुस्तिका (मालक विकायची तिकिटं जिच्यात लावून देतो ती): ए-६ आकार, जाडसर कागद, पानाला सहा चौकोन, एकूण १६ पानं. चौकोनांना आधीच छापील क्रमांक. प्रत्येक तिकिटाखाली संस्थान किंवा देश, कॅटलॉग क्रमांक (कोणता कॅटलॉग आणि कोणत्या वर्षाचा ते मुखपृष्ठावर), अवस्था आणि किंमत. दोष मालकानंच लिहायचे: पातळ झालेला कागद, कडेचा तुटका दाता, घडीची रेघ. लिहिलेले नसतील तर घेणाऱ्याला परत करण्याचा हक्क. पुस्तिकेला स्टेपलर मारू नका, दोऱ्यानं शिवा. पावसाळ्यात पिनेचा गंज आधी मधल्या पानाला लागतो, मग तिकिटाला. पानांमध्ये बटर पेपर किंवा ग्लासिन (गुळगुळीत पातळ कागद). पीव्हीसीची मऊ प्लास्टिक पाकिटं अजिबात नकोत, त्यातलं रसायन तिकिटाला चिकटतं.

फेरी: प्रत्येकाकडे ४ दिवस आणि पुढच्या गावी पोचायला ४ दिवस धरा. ८ जणांची फेरी ६४ दिवसांत उरकते, १५ जणांची १२० दिवस. चार महिन्यांनी मालकाला हिशेब मिळाला तर तो पुढची पुस्तिका देत नाही. आठच्या वर जाऊ नका. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा, नाहीतर शेवटच्याच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलं येतं.

घेण्याची पद्धत: तिकीट काढलं की त्या रिकाम्या चौकोनात लगेच आपला सभासद क्रमांक आणि सही, शक्यतो छोटा रबरी शिक्का. रिकामा चौकोन बिनसहीचा दिसला तर आदल्या माणसावर जबाबदारी. पण हे फक्त गायब झालेलं तिकीट पकडतं, बदललेलं नाही. चांगलं काढून त्या जागी तसंच दिसणारं फाटकं ठेवलं तर सहीवरून कळत नाही. त्यासाठी फेरी सुरू होण्याआधी पाकिटाच्या व्यवस्थापकानं प्रत्येक पान ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवायचं. शिक्क्याची जागा आणि दात्यांची ठेवण यावरून तिकीट ओळखू येतं. शिक्का मारलेलं कोणतंही तिकीट दुसऱ्यासारखं तंतोतंत नसतं. पाकीट मिळाल्यावर २४ तासांत प्रत्येकानं सगळ्या पानांचे फोटो व्यवस्थापकाला पाठवायचे. न पाठवणाऱ्याची तक्रार नंतर ऐकायची नाही, आणि दोष निघाला तर तो त्याच्या माथी.

टपाल: २०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. साधं स्पीड पोस्ट घरातल्या किंवा दारातल्या कोणाच्याही हाती जाऊ शकतं. म्हणून काउंटरवर ‘नोंदणी’ ही जादा सेवा मागून घ्या, म्हणजे पाकीट पत्त्यावरच्या माणसाला किंवा त्यानं नेमलेल्याला मिळतं. दोन कडक पुठ्ठ्यांत बांधा. बाहेर ‘तिकिटं’ हा शब्द कुठंही नको, संस्थेच्या नावातही असेल तर पाठवणाऱ्याच्या जागी व्यक्तीचं नाव घाला. पावतीचा फोटो त्याच दिवशी. पैसे पाकिटातून कधीही नाही, थेट संस्थेच्या खात्यात.

१५ जून ते सप्टेंबरअखेर डिंक असलेली मिंट (न वापरलेली) तिकिटं फिरवू नका. बडोद्याहून कोरडी निघालेली पुस्तिका कोकणातून चिकटून परत येते. त्या महिन्यांत यूज्ड (शिक्का बसलेली) तिकिटं आणि कव्हरं (टपालातून गेलेले लिफाफे) फिरवा.

नुकसानीचं गणित बहुतेक ठिकाणी चुकतं. विक्रीवर २ टक्के विमा निधी कापतात. समजा वर्षाला १० पाकिटं आणि प्रत्येकातून ४,००० ची विक्री. ४०,००० चे २ टक्के म्हणजे ८०० रुपये. आणि एकेका पाकिटात २०,००० चा माल असतो. एक हरवलं की निधीला पंचवीस वर्षं लागतील. तेव्हा कपात फिरलेल्या मालावर करा, विकलेल्यावर नाही: २०,००० वर अर्धा टक्का, म्हणजे पाकिटामागे १००. ही रक्कमही थोडीच, म्हणून पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापा की भरपाई निधीतल्या शिलकीच्या निम्म्याच्या वर मिळणार नाही, आणि पाकिटाच्या किमतीवरही मर्यादा घाला. सुरुवातीला ८,००० पुरे. विक्रीवर १० टक्के कमिशन संस्थेला, ते वेगळ्या खात्यावर.

पर्फोरेशन_१४

पाकीटवाले साहेबांच्या पद्धतीत एक भोक आहे. तिकीट बदललं नाही, पण मुळातच खोटं असलं तर? संस्थानी विषयात हाच मोठा धोका. किमती मालाची साखळी करूच नका. २,००० च्या वरचं प्रत्येक तिकीट व्यवस्थापकाकडे राहावं, सभासदांना फक्त स्कॅन जावा. मागवलेलं तिकीट दर वेळी त्याच्याकडेच परत येतं, म्हणून टपालखर्च दुप्पट, पण प्रत्येक वेळी तपासणी होते.

ओव्हरप्रिंटची (तयार तिकिटावर मागून अक्षरं छापलेली) तिकिटं वेगळी काढा. ग्वाल्हेर हे १८८५ पासून ब्रिटिश भारताच्या तिकिटांवर इंग्रजी आणि नागरी अशी दोन्ही नावं छापून वापरणारं संस्थान. मूळ तिकीट स्वस्त, छाप मारली की महाग, म्हणून बनावटीला ऊत. यूज्ड तिकिटावर पहिली तपासणी भिंगाखाली: टपालाचा शिक्का छापील अक्षरांच्या वर असला पाहिजे. अक्षरांची शाई शिक्क्याच्या वर चढलेली दिसली तर छाप नंतर मारली आहे. दुसरी, शिक्क्यातली तारीख. छाप निघण्याआधीची तारीख असेल तर बोलायलाच नको. व्हिक्टोरिया राणीच्या, कागदात ताऱ्याचं जलचिन्ह असलेल्या मालिकेला चारही बाजूंनी १४ छिद्रमाप (दोन सेंटिमीटरमध्ये १४ भोकं) येतं. एकाच बाजूचे दाते फार नीटस असतील तर कड कापून पुन्हा भोकं पाडलेली असतात.

१५ ऑगस्ट १९४८ च्या गांधी तिकिटांवरचा ‘सर्व्हिस’ (सरकारी वापराचा) छाप तर प्रमाणपत्राशिवाय पाकिटातच घेऊ नका. चार किमती होत्या: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी छापलेले संच मोजकेच. साधं दीड आण्याचं तिकीट मात्र ढिगानं मिळतं, म्हणजे खोटा छाप मारायला कच्चा माल तयार.

रेव्हेन्यू तुमचा विषय आहे ते बरंच आहे. बडोदा संस्थानानं स्वतःची टपाल तिकिटं काढली नाहीत, पण रेव्हेन्यू आणि कोर्ट फीचा माल भरपूर. फक्त सभासदांना बजावा: संस्थानी रेव्हेन्यू पाण्यात भिजवून कागदावरून सोडवायचे नाहीत. कित्येकांची शाई पाण्यात उतरते, आणि अख्खा दस्तऐवज सुट्या तिकिटापेक्षा मोलाचा.

तिकीट अस्सल की खोटं ते सांगायला तज्ज्ञ समिती नेमणार असाल तर तिघं, प्रत्येकानं स्वतंत्र लेखी मत द्यायचं, तिकीट ज्याचं आहे किंवा जो विकतो आहे तो समितीत नको. प्रमाणपत्रावर फोटो, आणि उत्तरं ठरलेली: अस्सल, अस्सल पण दुरुस्त केलेलं, डिंक नवा, छाप बनावट, मत नाही. ‘मत नाही’ हे उत्तर ठेवायला लाजू नका. आणि प्रमाणपत्र म्हणजे मत, हमी नव्हे, असं खाली ठळक छापा.

रावपुरा_३९०००१

तिघांचेही आभार. आजीव सभासद आणि पत्रिका राहिलं. कार्यकारिणीत बरेच जण म्हणतात, आजीव वर्गणी वार्षिकच्या दसपट घेऊ, एकदम रक्कम हाती येईल.

हिशेबनीस

एकदम येते आणि एकदम संपते. वार्षिक वर्गणी ३०० आणि आजीव ३,००० धरू. एका सभासदावरचा खर्च (पत्रिका, टपाल, लेखापरीक्षण) वर्षाला ३२० असेल आणि मुदत ठेवीवर ६.५ टक्के मिळत असतील, तर ३,००० वर १९५ रुपये व्याज. दरसाल १२५ चा खड्डा, प्रत्येक आजीव सभासदामागे. ३२० व्याजातून काढायचे तर जवळपास ४,९२५ हवेत, तेही महागाई शून्य धरून. घ्यायचेच असतील तर वीसपट, साठ वर्षांच्या पुढच्यांनाच, रक्कम कायम निधीत आणि मुद्दलाला हात नाही असा ठराव. माझ्या मते दहा वर्षांची वर्गणी आगाऊ घ्या. त्यातली न सरलेली वर्षं ताळेबंदात देणं म्हणून दाखवायची.

पत्रिकेचं वजन आधी करा, मजकूर नंतर. ए-५ आकार, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद, आतली २४ पानं म्हणजे १२ पत्रं: साधारण २६ ग्रॅम. १५० जीएसएमचं मुखपृष्ठ ९ ग्रॅम, लिफाफा ७. एकूण ४२. हीच ३२ पानांची केली की ५१ ग्रॅम, आणि स्पीड पोस्टचा पहिला टप्पा ५० ग्रॅमचा. एका ग्रॅमसाठी प्रत्येक प्रतीला वरचा दर. माझा सल्ला: सर्वांना पीडीएफ, छापील प्रत हवी त्याला जादा शुल्क. नियतकालिक म्हणून रीतसर नोंद हवी असेल तर प्रेस सेवा पोर्टलवरून.

लिलाव ठेवणार असाल तर कमिशन व्यापारी जमा धरलं जाऊ शकतं. अशी जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या वर गेली की करसवलत धोक्यात, सीएला आधी विचारा.

पर्फोरेशन_१४

देशभराचं म्हणवता तर प्रदर्शनाचंही बघा. फिलाटेलिक काँग्रेस ऑफ इंडियाची (देशातल्या तिकीटसंग्राहक संस्थांचा राष्ट्रीय महासंघ) संलग्नता घ्या, कारण तिकीटसंग्राहकांच्या जागतिक महासंघाच्या प्रदर्शनात प्रवेश राष्ट्रीय महासंघामार्फतच, आणि त्याआधी राष्ट्रीय पातळीवर किमान व्हर्मील (सोन्याचा मुलामा दिलेलं चांदीचं) पदक लागतं. सभासदांना एका फ्रेमपासून (प्रदर्शनात पानं मांडायची चौकट) सुरू करायला सांगा: १६ पानं. पारंपरिक विभागात १०० पैकी मांडणीच्या सजावटीला फक्त ५ गुण, ज्ञान आणि संशोधनाला ३५. रंगीत कागद आणि नक्षीदार चौकटींवर लोक महिनाभर घालवतात ते या पाचांसाठी.

आणि ग्रंथालय व पुस्तिका तळमजल्यावर ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात कुठवर आलं ते बडोदेकरांना सांगायला नको. पहिल्या मजल्यावरचं लोखंडी कपाट, खालचा खण रिकामा, प्रत्येक खणात सिलिका जेलची पुडी. जेलचा रंग बदलला की तापवून कोरडं करायचं.