मदत हवी आहे: जुन्या गाडीची वॉरंटी संपत आली, नवीला दहा महिने वेटिंग. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का?

गंगापूररोड

नमस्कार मंडळी,

दोन निर्णय एकमेकांत अडकले आहेत, जाणकारांचे मत हवे आहे.

सध्याची गाडी १.५ लिटर टर्बो पेट्रोल, सात गिअरचा ड्राय क्लच डीसीटी (दोन कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). नोंदणी जानेवारी २०२२, रनिंग ७१ हजार, सगळे सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्ये. मूळ वॉरंटी ४ वर्षे किंवा १ लाख किमी, म्हणजे येत्या जानेवारीत (२०२६) संपते. पाचव्या वर्षाच्या एक्स्टेंडेड वॉरंटीचे कोटेशन २९ हजार, पाचवे-सहावे एकत्र ४८ हजार. वापर मुख्यतः नाशिक शहरात, अधूनमधून कसारा घाटातून मुंबई.

नवी गाडी सात आसनी स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत इलेक्ट्रिक मोटर आणि बॅटरी), सर्वांत वरचा व्हेरिअंट, पांढरा रंग. बुकिंगचे ५० हजार भरले आहेत. शोरूमवाले "आठ ते दहा महिने" म्हणतात. नवी येईपर्यंत जुनी विकता येणार नाही.

जी गाडी वर्षभरात विकायची आहे तिच्यावर २९ हजार घालावेत का? घालायचे तर एक वर्ष की दोन? आणि हे आठ-दहा महिने कितपत खरे धरायचे, ते कसे तपासतात?

मीटर_वाचक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हो, घ्या. कारण तुमचा गिअरबॉक्स. ड्राय क्लच डीसीटीत मेकॅट्रॉनिक युनिट असते. हायड्रॉलिक पंप, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि गिअरबॉक्सचा कंट्रोलर, सगळे एकाच जोडणीत. त्यातला एक व्हॉल्व्ह गेला तरी आपल्याकडे वर्कशॉप बहुतेक वेळा अख्खे युनिट बदलते आणि बिल लाखाच्या पुढे जाते. दाब टिकेनासा झाला की डॅशबोर्डवर गिअरचे चिन्ह लुकलुकते आणि फक्त सम किंवा फक्त विषम गिअर उरतात, नाहीतर गाडी हलेनाशीच होते. हे कसाऱ्यात झाले तर टोइंगशिवाय मार्ग नाही. त्याखेरीज टर्बो, हाय प्रेशर फ्युएल पंप, इलेक्ट्रिक स्टिअरिंगची रॅक आणि एसी कॉम्प्रेसर आहेतच. साधा मॅन्युअल, टर्बो नसलेला पेट्रोल असता तर मी वेगळे सांगितले असते.

पण पैसे भरण्याआधी शोरूमचे रंगीत पत्रक बाजूला ठेवा आणि अटींचे पुस्तक मागा. त्यात "काय कव्हर नाही" ते पान आधी वाचा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बेल्ट, होज, सस्पेन्शनचे बुश, वायपर, टायर, १२ व्होल्ट बॅटरी, फिल्टर हे बहुतेक सगळीकडे झिजेचे भाग म्हणून वगळलेले असतात. तुमच्यासाठी मुख्य प्रश्न हा की डीसीटीचा जोड क्लच पॅक झिजेत धरला आहे की गिअरबॉक्समध्ये. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना थरथर जाणवते ती बहुधा क्लच पॅकची, आणि त्यावरच क्लेम नाकारले जातात. उत्तर तोंडी नको, मेलवर घ्या.

आणखी एक काम जानेवारीच्या आत उरका. गाडी वर्कशॉपला नेऊन डायग्नोस्टिक टूलवर गिअरबॉक्सची अडॅप्टेशन व्हॅल्यू वाचायला सांगा. क्लच झिजेच्या मर्यादेच्या किती जवळ आला आहे ते त्यात कळते. थरथर, स्टिअरिंगचा कट्-कट् आवाज, एसी अधूनमधून गरम हवा देणे, जे काही असेल ते जॉबकार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर "जनरल चेकअप" एवढेच लिहून मोकळा होतो, ते चालू देऊ नका. मूळ वॉरंटीत नोंदवलेली तक्रार नंतर बळावली तर ती जुनी नोंद तुमच्या बाजूने उभी राहते. नोंद नसेल तर वाद घालायला हातात काही उरत नाही.

शोरूम_ते_आरटीओ

वेटिंगबद्दल लिहितो.

"आठ ते दहा महिने" हा शोरूमचा अंदाज असतो. खरा आकडा काढायला दोन गोष्टी लागतात: तुमच्या व्हेरिअंट आणि रंगात तुमच्या पुढे किती बुकिंग आहेत, आणि त्या डीलरला गेल्या तीन महिन्यांत त्या व्हेरिअंटच्या किती गाड्या आल्या. पुढे ३६ जण आहेत आणि तीन महिन्यांत १२ गाड्या आल्या, म्हणजे महिन्याला ४, तर नऊ महिने. संपूर्ण मॉडेलचा आकडा सांगितला तर तो उपयोगाचा नाही. खालचे पेट्रोल व्हेरिअंट भराभर येतात आणि वरचे हायब्रिड अडकतात, असे एकाच मॉडेलमध्ये होते.

हायब्रिडचा पुरवठा सुट्या भागांवर अडतो, त्यामुळे तो महिन्यामहिन्याला बदलतो. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. झेडएक्स आणि झेडएक्स (ओ) या वरच्या हायब्रिड व्हेरिअंटचे बुकिंग एप्रिल २०२३ मध्ये थांबवले, एप्रिल २०२४ मध्ये उघडले आणि मे २०२४ मध्ये परत थांबवले. म्हणून तीन महिन्यांची सरासरी घ्या, एका महिन्याच्या आकड्यावर जाऊ नका.

बुकिंग डीलरच्या सिस्टिममध्ये कंपनीच्या ऑर्डर नंबरासह चढले आहे का ते आधी पाहा. नुसती हाताने फाडलेली पावती असेल तर रांगेत तुमची जागाच नाही. मध्येच व्हेरिअंट बदलला तर काही डीलर बुकिंगची तारीखही बदलतात. रंग बदलताना तारीख कायम राहील असे लेखी घ्या, मग पांढऱ्यासोबत दुसरा पर्याय म्हणून चंदेरी किंवा करडा देऊन ठेवायला हरकत नाही.

किमतीचेही सांगतो. बुकिंगच्या दिवसाची किंमत धरली जात नाही, इन्व्हॉइसच्या दिवसाची लागते. कर कमी झाला तर त्याचा फायदाही त्याच नियमाने मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब हायब्रिड ४३ वरून (जीएसटी आणि सेस मिळून) ४० टक्क्यांवर आल्या, तेव्हा आधी बुकिंग केलेल्यांनाही इन्व्हॉइस त्यानंतर झाल्यामुळे नवा दर लागला. उलट कंपनीने जानेवारीत किंमत वाढवली तर रोड टॅक्सही वाढतो, कारण तो टक्क्यांत आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० ते २० लाखांत १२ टक्के, २० लाखांपुढे १३ टक्के. तुमची गाडी २० लाखांच्या काठावर असेल तर हे बारकाईने पाहा.

गंगापूररोड

दोघांचेही आभार. डीलरने आज आणखी एक पर्याय पुढे केला आहे. जुन्या गाडीला "आमची स्वतःची वॉरंटी" १७ हजारांत, एक वर्ष. त्यात गिअरबॉक्स कव्हर आहे असे म्हणतो. शिवाय नव्या गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी, इन्शुरन्स आणि अ‍ॅक्सेसरीजचे पॅकेज आताच ठरवले तर गाडी "लवकर बसवून देतो" असेही म्हणाला.

डबल_ओव्हरहेड

१७ हजारांचा पर्याय सोडा. प्रमाणपत्रावर गाडी बनवणाऱ्या कंपनीचे नाव नसेल तर ती वेगळ्या संस्थेची योजना आहे. अशा योजनांत तीन ठिकाणी हात आखडतो: एका क्लेमची कमाल रक्कम, उघडून पाहण्याची मजुरी (क्लेम नाकारला तर ती तुमच्या माथी) आणि दुरुस्ती त्याच डीलरकडे करण्याची अट. कमाल रक्कम ५० हजार असेल तर मेकॅट्रॉनिकला त्याचा काय उपयोग? कंपनीची वॉरंटी देशभर कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. तुम्ही मुंबईला जाता-येता, तुम्हाला तेच हवे.

एक वर्ष की दोन, यावर माझे मत एक वर्ष. सहाव्या वर्षाचे जास्तीचे १९ हजार गाडी विकताना पूर्ण वसूल होत नाहीत. फक्त एवढे विचारून घ्या की पाचवे वर्ष संपण्याआधी सहावे जोडता येते का, आणि तेव्हाच्या दराने किती पडेल. येत असेल तर वेटिंग लांबले तरी तुम्ही उघड्यावर पडत नाही. येत नसेल आणि वरच्या हिशोबात रांग वर्षाच्या पुढे जात असेल, तर दोन वर्षे घ्या. वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावे करण्याचा फॉर्म आणि फी किती तेही आताच विचारा. आरसी बदलल्यावर ठरावीक दिवसांत तो भरावा लागतो.

नव्या गाडीच्या वॉरंटीबाबत लोकांचा एक गैरसमज असतो. टोयोटाच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १.६ लाख किमी वॉरंटी आहे, मग बाकी कशाला घ्या, असे म्हणतात. ती वॉरंटी ट्रॅक्शन बॅटरीची, म्हणजे गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीची. इन्व्हर्टर, ट्रान्सॲक्सलमधील (हायब्रिडच्या गिअरबॉक्समधील) मोटर, एसीचा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर हे तिच्यात येतातच असे नाही, बहुधा ते ३ वर्षे / १ लाख किमीच्या मूळ वॉरंटीत मोडतात. तेव्हा हायब्रिडला एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी या मताचा मी आहे, पण बुकिंगच्या वेळी कशाला? ती इन्व्हॉइसबरोबर किंवा त्यानंतर कंपनीच्या ठरावीक मुदतीत घेता येते, मुदत उलटेल तसा दर चढतो. गाडी अजून दहा महिने लांब आहे, आज पैसे अडकवू नका.

नर्मदाकाठ

इन्शुरन्सचा मुद्दा राहिला. डीलरकडूनच घ्या अशी सक्ती तो करू शकत नाही, बाहेरून आणलेली पॉलिसी त्याला स्वीकारावी लागते. जुन्या गाडीवर क्लेम नसेल तर चार वर्षांनंतर तुमचा नो क्लेम बोनस (प्रीमियममधली सूट) ४५ टक्के होतो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी विकली की विक्रीचा पुरावा देऊन कंपनीकडून बोनसचे पत्र घ्या. ते तीन वर्षे चालते आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर लागू होते. मोठ्या गाडीच्या पहिल्या वर्षी ही रक्कम चांगली भरते, आणि डीलरच्या पॅकेजमध्ये ती बरेचदा विसरली जाते.

जानेवारीत जुन्या गाडीची पॉलिसी नवी करताना इंजिन प्रोटेक्शन जोडून घ्या. साचलेल्या पाण्यात इंजिनाने पाणी ओढले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याला कुठलीच वॉरंटी भरून देत नाही, एक्स्टेंडेडही नाही. येता पावसाळा याच गाडीत काढायचा आहे ना? पाण्यात बंद पडली तर परत स्टार्ट करू नका. दुसऱ्यांदा स्टार्टर मारल्याने नुकसान वाढले असे विमा कंपनीच्या सर्वेअरने लिहिले की क्लेम अडकतो.

मीटर_वाचक

"लवकर बसवून देतो" याचा अर्थ रांगेतल्या दुसऱ्या कुणाला मागे सारणार. उद्या तुम्हालाही कुणी तसेच मागे सारेल. नको.

रीतसर लवकर मिळण्याची एक वाट आहे. पितृपंधरवड्यात आणि अधिक महिन्यात बरेच लोक डिलिव्हरी घेत नाहीत, मग आलेली गाडी पुढच्या माणसाला विचारली जाते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि सप्टेंबरअखेरपासून पितृपक्ष. तुम्हाला चालत असेल तर "या दिवसांतही डिलिव्हरी घेऊ" असे आताच कळवून ठेवा. मात्र अशी गाडी यार्डात उभी राहिलेली असू शकते. नोंदणीआधी जाऊन उत्पादनाचा महिना, टायरवरचे चार आकडे (आठवडा आणि वर्ष), १२ व्होल्ट बॅटरीचा दाब (१२.४ च्या खाली असेल तर बदलून मागा) आणि बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का ते पाहा. नोंदणी झाल्यावर गाडी नाकारणे फार अवघड जाते.

तोवर जुन्या गाडीचा क्लच जपा. ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकू नका. पुढे दीड-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदम पुढे घ्या. चढावर एक्सलरेटरवर गाडी तोलून धरली की ड्राय क्लच तापतो आणि पॅक लवकर संपतो. एखादा दिवा किंवा हॉर्न लावताना वायर कापू देऊ नका, कपलरनेच जोडा. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकल क्लेम गेला.

गंगापूररोड

कंपनीची एक वर्षाची घेतो, डीलरची नाही. डीलरला मेलमध्ये नेमके काय विचारू?

शोरूम_ते_आरटीओ

इतकेच लिहा, जास्त नको:

"माझ्या बुकिंगचा कंपनी ऑर्डर क्रमांक आणि सिस्टिममधील तारीख कळवावी. या व्हेरिअंटमध्ये पांढऱ्या रंगासाठी माझ्या आधी किती बुकिंग प्रलंबित आहेत आणि मागील तीन महिन्यांत आपल्याला या व्हेरिअंटच्या किती गाड्या मिळाल्या, हे कळवावे. रंग बदलल्यास बुकिंगची तारीख कायम राहील का, आणि बुकिंग रद्द केल्यास पूर्ण रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे लेखी द्यावे. इन्शुरन्स व अ‍ॅक्सेसरीज मी स्वतंत्रपणे घेणार आहे. ऑन-रोड किमतीचा तपशील बाबवार पाठवावा."

बाबवार तपशिलात "हँडलिंग" किंवा "लॉजिस्टिक्स" नावाचा आकडा दिसला तर तो काढायला सांगा, गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळी डीलरने वसूल करायचा आयकर) मात्र लागतोच, तो रिटर्न भरताना तुमच्या करात वळता होतो.

आठवडाभरात उत्तर नाही आले तर तोच मेल कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवा आणि डीलरला प्रत ठेवा. रक्कम परत द्यायला टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बँकेकडून कर्ज आताच मंजूर करून ठेवू नका, मंजुरीची मुदत गाडी येण्याआधी संपेल. अ‍ॅलॉटमेंटचा चासी नंबर हातात आला की अर्ज करा.

आकडे आले की इथे टाका.