मागे राहणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणावं?

प्रश्न : आमचा दादरचा ट्रेकिंग ग्रुप आहे. पावसाळ्यात नवी मंडळी बरीच येतात, म्हणून सूचनापत्रक मराठी आणि इंग्रजी दोन्हीत काढतोय. मागे राहणाऱ्यांसाठी एकाने ‘लॅगार्ड’ लिहिलंय, दुसऱ्याने ‘स्ट्रॅगलर’. दोन्ही एकच का?

प्रतिसाद : एकच नाहीत, आणि ‘लॅगार्ड’ तर कृपया घालूच नका. त्यातलं शेवटचं ‘आर्ड’ बघा. ड्रंकर्ड (दारुडा), स्लगार्ड (आळशी), कॉवर्ड (भित्रा), सगळीकडे तेच शेपूट आहे. ते लागलं की थेट माणसाच्या स्वभावावर बोट जातं. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवी गोष्ट समाजात कशी पसरते याची मांडणी केली, त्यात ती सर्वांत शेवटी स्वीकारणाऱ्या १६ टक्के लोकांना हेच नाव दिलं. शेअर बाजाराच्या बातम्यांत मागे पडलेल्या शेअरलाही लॅगार्ड म्हणतात. शेअरला ते चालतं, चढणीवर धापा टाकणाऱ्या माणसाला नको.

‘स्ट्रॅगलर’ची गोष्ट वेगळी. सैन्य कूच करताना रांगेतून सुटून मागे किंवा बाजूला पडलेला शिपाई तो स्ट्रॅगलर. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमधून जहाजांचे ताफे जात, त्यात वेग न झेपल्याने एकटं पडलेल्या जहाजालाही हाच शब्द होता, आणि जर्मन पाणबुड्या अशी जहाजं हेरून गाठत. म्हणजे या शब्दात आळसाचा आरोप नाही, एकटं पडण्याचा धोका आहे. कर्जतकडे पेठच्या किल्ल्याच्या वाटेवर धुकं उतरलं की हाकेच्या अंतरावरचा माणूस दिसेनासा होतो. तिथे आपल्याला काळजी असते ती याच अर्थाची.

‘स्लोकोच’ ब्रिटिश आणि ‘स्लोपोक’ अमेरिकन. दोन्ही घरातले शब्द, शाळेची बस चुकेल म्हणून आई ‘किती रेंगाळतोस रे’ म्हणते त्या सुरातले. अनोळखी माणसाला ते म्हणू नयेत. ‘डॉडलर’ म्हणजे चालता येत असूनही वाटेत टिवल्याबावल्या करणारा.

प्रतिसाद : महालक्ष्मीला रेस बघणाऱ्यांच्या ओळखीचा ‘ऑल्सो-रॅन’ यात ओढू नये. पहिल्या तिनांत न आलेला घोडा तो. हा हरलेला, मागे राहिलेला नव्हे.

मला मात्र ‘लँटर्न रूज’ फार आवडतो. शब्द फ्रेंच, पण सायकलिंगच्या इंग्रजीत रुळलेला. टूर द फ्रान्समध्ये एकूण क्रमवारीत शेवटी असलेला सायकलपटू. नाव आलं आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागच्या लाल दिव्यावरून. आपल्याकडेही गाडीच्या शेपटाला तो दिवा असतो. तो दिसला की गाडी सगळी आली, मध्येच डबा सुटलेला नाही, हे स्टेशनवर कळतं. या शर्यतीत शेवटच्याचं कौतुकही होतं, कारण तीन आठवडे टिकून तो पॅरिसपर्यंत पोहोचलेला असतो. वाटेत सोडून गेलेल्यांना क्रमांकच नसतो.

प्रश्न : आणि आमचा जो माणूस मुद्दाम सर्वांच्या मागून चालतो, तो? ‘टेल-एंड चार्ली’ चालेल?

प्रतिसाद : तो ब्रिटिश हवाई दलातल्या बोलीचा शब्द, बॉम्बर विमानाच्या शेपटीत बसणाऱ्या गनरसाठीचा. आता कुठल्याही रांगेतल्या शेवटच्याला म्हणतात, पण त्यातून जबाबदारी कळत नाही. तुमचा माणूस ‘स्वीप’. झाडत यावं तसा मागून येतो, कोणी सुटू देत नाही. मराठीत सरळ ‘पिछाडी सांभाळणारा’ लिहा.

एक गोष्ट शब्दांपेक्षा जास्त गरजेची. मागचा माणूस पोहोचतो तोवर पुढच्यांचा दम खाऊन झालेला असतो. तो टेकतो न टेकतो, तोच ‘चला, निघू या’. ज्याला विश्रांती सर्वांत जास्त हवी, त्यालाच ती मिळत नाही, आणि पुढच्या चढणीवर तो आणखी मागे पडतो. म्हणून पत्रकात असं घाला : ‘शेवटचा सदस्य पोहोचल्यावर दहा मिनिटांनीच ग्रुप पुढे निघेल. पिछाडी सांभाळणाऱ्याच्या मागे कोणीही राहू नये.’ इंग्रजी मजकुरात ‘द लास्ट वॉकर’ पुरे, स्ट्रॅगलरचीही गरज पडणार नाही.