चौतीस नागरिक, अकरा मतं: प्रदेशाची घटना ठेवायची की एका पानावर आणायची?

कोयनाकाठ
नेशनस्टेट्स या ऑनलाइन खेळात आपण प्रत्येकजण एकेक देश चालवतो, देशांचा मिळून प्रदेश, आणि डेलिगेट हा प्रदेशाचा निवडलेला प्रमुख. आपल्या प्रदेशाची घटना आपणच लिहिली. तिच्याबद्दल रविवारी वांद्रे बेट यांनी लिहिलं, "बेचाळीस कलमं फाडून टाका. एक पान पुरे. डेलिगेट निवडा, बाकीचं तो बघेल. नेशनस्टेट्समध्ये घटना चालत नाही, बटण चालतं." त्यावर सात जणांचे अंगठे आले. ते पाहून दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

तुम्हाला राग कशाचा आलाय ते ठाऊक आहे. मार्चमधली तुमची घटनादुरुस्ती पडली. नागरिक ३४, एक तृतीयांशाच्या अटीने १२ मतं हवी होती, पडली ११, आणि अकराही बाजूने. दोन आठवडे मसुद्यावर घालवलेल्या माणसाला चीड येणारच. पण म्हणून घरच पाडायचं?

बटण चालतं हे मान्य. खेळाला ओळखता येतात ते संस्थापक (२०२३ पासून खेळ त्याच्या पदाला गव्हर्नर म्हणतो), डेलिगेट, अधिकारी, एन्डॉर्समेंट (एका देशाने दुसऱ्याला दिलेला पाठिंबा) आणि इन्फ्लुअन्स (साठत जाणारं वजन, कुणाला बाहेर काढताना खर्च होतं). आपले नागरिक, आपलं न्यायमंडळ, आपली निवडणूक यातलं काहीही त्याला माहीत नाही. अपडेटच्या क्षणी, म्हणजे खेळ रोज दोनदा हिशेब करतो तेव्हा, ज्याच्याकडे सर्वात जास्त एन्डॉर्समेंट, तो डेलिगेट. मग घटना कशाला? तर वर्ल्ड असेंब्ली या खेळातल्या जागतिक संघटनेत असलेल्या आपल्या १९ सदस्यांनी (एन्डॉर्समेंट तेच देऊ शकतात) डेलिगेटची एन्डॉर्समेंट कधी काढायची, हे एकाच वेळी सगळ्यांना कळावं म्हणून. कलम १४ चं काम एवढंच आहे, आणि ते फार मोठं आहे.

२०१९ साली मी दुसऱ्या एका प्रदेशात होतो. लिखित काही नव्हतं, सगळे मित्र. संस्थापकाचा देश कधीच बंद पडलेला. एका सकाळी डेलिगेटने लोकांना बाहेर काढायला सुरुवात केली. हा उठाव की हेरांची साफसफाई, यावर आम्ही तीन दिवस वाद घालत बसलो. तेवढ्यात १४ जण बाहेर. त्यातले निम्मे पुन्हा कधी खेळले नाहीत. आमच्याकडे एन्डॉर्समेंट पुरेशा होत्या. त्या काढायच्या की नाहीत हे ठरवायला समान भाषा नव्हती.

वांद्रे बेट
गोष्ट चांगली आहे. आता माझी ऐका. दिवाळीत आपल्याच डेलिगेटने कलम ३१, म्हणजे आणीबाणी, लावून माझ्या मित्राला बाहेर काढलं. कारण काय, तर "संशयास्पद हालचाल". तो बिचारा दुसऱ्या प्रदेशात आपली जुनी पपेट, म्हणजे स्वतःचाच दुसरा देश, बघायला गेला होता. न्यायमंडळाने निकाल द्यायला २३ दिवस घेतले. निकाल त्याच्या बाजूने लागला तेव्हा तो खेळ सोडून गेला होता. तुमची बेचाळीस कलमं तेव्हा कुठे होती? तेव्हा एकाने तरी एन्डॉर्समेंट काढली?

आणि जरा इतिहास बघा. २००३ मध्ये खेळातल्या द पॅसिफिक या प्रदेशात डेलिगेटने सत्ता धरली, विरोधकांना बाहेर काढलं, न्यू पॅसिफिक ऑर्डर नावाची राजवट आणली. वीस वर्षांहून जास्त झाली, ती ऑर्डर अजून तिथेच आहे. ज्यांनी परिषदा, न्यायालयं, हक्कांचे जाहीरनामे लिहिले त्यांच्याकडेही उठाव झालेच ना?

शेवाळ संस्थान
+१ वांद्रे. आपल्याकडे कलमं वाचणारे चार, पाळणारे दोन.

मुक्त खानदेश
बारावं मत माझं होतं.

हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो. मतदान मेजर अपडेटला बंद होणार असं लिहिलं होतं. अपडेट न्यूयॉर्कच्या मध्यरात्री. थंडीत ते आपल्याकडे सकाळी साडेदहाला येतं, म्हणून मी दहा वाजता शांतपणे मत द्यायला बसलो. तर मतदान बंद! मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळं पुढे सरकली आणि आपलं साडेदहाचं साडेनऊ झालं. भुसावळला बसलेल्या माणसाने तिकडच्या घड्याळाचा हिशेब का ठेवायचा? मी चार वर्षं दर महिन्याला हेच म्हणतोय. कलमं बेचाळीस ठेवा की दोन, आधी वेळ भारतीय करा.

वांद्रे बेट
म्हणजे मसुदा वाईट म्हणून नाही, घड्याळामुळे पडला? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?

मुक्त खानदेश
सांगून काय होणार होतं? फेरमोजणीचं कलमच नाही. बेचाळीसमध्ये.

उत्तर देवगड
माझं मत वेगळं आहे. रोग घटनेच्या लांबीत नाही, गणसंख्येत आहे. मी आमच्या सोसायटीची सहा वर्षं सचिव होते. एकशे वीस फ्लॅट, वार्षिक सभेला येणार चौदा जण. म्हणून नोटिशीतच छापलेलं असतं: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल, व त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही. आपण तेच करावं. पहिल्या पाच दिवसांत बारा मतं आली तर ठीक. नाही आली तर आणखी दोन दिवस द्या, मग जी पडतील त्यावर निकाल. घरी बसणाऱ्याला नकाराधिकार कशासाठी?

शेवाळ संस्थान
ताई, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या सोसायटीत याच अर्ध्या तासाने वाट लावली. सभेची वेळ मुद्दाम कामाच्या दिवशी सकाळी दहा. साडेदहाला समितीचे सात आणि त्यांचे मेहुणे बसले, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कंत्राट मंजूर. पहिल्याच पावसात वरच्या मजल्याची छतं गळली. आई तिथे बादली लावून झोपायची. तक्रार केली तर उत्तर काय? "सभेला का आला नाहीत?"

उत्तर देवगड
मग का आला नाहीत?

शेवाळ संस्थान
नोकरी होती म्हणून! तुमच्यासारख्या सचिवांना हेच विचारायचं असतं.

उत्तर देवगड
"तुमच्यासारख्या" म्हणजे? सहा वर्षं फुकट काम केलंय मी. रात्री अकराला पाण्याचा टँकर कोण बोलवायचं? लिफ्ट बंद पडली की फोन कुणाला यायचा? सभेला न येणारे लोक नंतर व्हॉट्सॲपवर शहाणपणा शिकवतात, त्याचा मला मनापासून वीट आलाय. गेल्या वर्षी राजीनामा दिला. आज आठ महिने झाले, त्या पदावर बसायला एकही जण तयार नाही.

जुना सातारा
दोघंही अर्धंच सांगताय. अर्ध्या तासाची सवलत सगळ्या ठरावांना नाही. पुनर्विकासाचा निर्णय घ्यायचा तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालच्या २०१९ च्या शासन निर्णयानुसार दोन तृतीयांश सभासद सभेला हजर हवेत, आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती हवी. रंगरंगोटी सात जणांत होऊ शकते, इमारत पाडणं होत नाही. हा फरक आपल्या घटनेत नाही. झेंडा बदलायचा तरी बारा मतं आणि डेलिगेटचे अधिकार बदलायचे तरी बाराच.

कोयनाकाठ
हे मला पटलं. प्रदेशाचं मुखपृष्ठ, झेंडा, दूतावास, स्पर्धा यांना गणसंख्या नको. नागरिकत्व, बाहेर काढणं, निवडणूक यांना हवीच, आणि तिथे तहकूब सभेची पळवाट चालणार नाही.

वांद्रे बेट
म्हणजे बेचाळीसची चव्वेचाळीस कलमं झाली. छान.

जुना सातारा
वांद्रे, वयाने मोठा म्हणून एक सांगतो. माझं आजोळ औंध संस्थानातलं. १९३९ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. तिच्या मसुद्यामागे गांधीजी होते, पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन होते. सत्ता गावपंचायतींपासून वर चढेल अशी रचना. राजाच्या हातातलं बटण कुणी हिसकावून घेतलं नव्हतं. त्याने स्वतः लिहून दिलं की यापुढे मी असं वागेन. एकदा लिहून दिलं की खेड्यातल्या माणसालाही त्या कागदावर बोट ठेवून बोलता येतं. तुम्ही म्हणता त्या एका पानावर कशावर बोट ठेवणार? "बाकीचं तो बघेल" यावर?

वांद्रे बेट
आणि १९४८ ला संस्थान विलीन झालं तेव्हा त्या घटनेचं काय झालं? कागदाच्या वर दुसरं कुणीतरी असतंच. आपल्याकडे संस्थापक आहे. २८ दिवस लॉगिन नाही केलं तर देश बंद पडतो म्हणून तो पंचविसाव्या दिवशी येतो, काही न बोलता जातो. त्याला उद्या वाटलं तर तो सगळ्यांना बाहेर काढेल, त्याला इन्फ्लुअन्ससुद्धा खर्च करावा लागत नाही. औंधच्या राजाने निदान सही केली होती. आपल्या संस्थापकाने या घटनेवर कधी "मान्य" असं एक अक्षर लिहिलंय?

जुना सातारा
नाही लिहिलेलं. हा मुद्दा बरोबर आहे, आणि इतकी वर्षं कुणाला सुचला नाही याचं मला वाईट वाटतं.

शेवाळ संस्थान
वॉटरप्रूफिंगच्या निविदा तीन हव्या होत्या, आल्या दोन, आणि दोन्हींवर एकच फोन नंबर. हेही लिहून ठेवतो.

उत्तर देवगड
ते तुमच्या सोसायटीचं. इथे त्याचा काय संबंध?

शेवाळ संस्थान
संबंध आहे. नियम होता, तरी झालं. कारण हिशेब तपासायला कुणी बसलं नाही. आपल्याकडे न्यायमंडळात तीन जागा, दोन रिकाम्या. २३ दिवस का लागले? एकच माणूस होता आणि त्याची परीक्षा चालू होती. नियम कितीही चांगला लिहा, खुर्चीत माणूस नसला तर काय करणार?

उत्तर देवगड
हे मात्र खरं. मघाशी तुमच्यावर चिडले, पण हे खरं.

हडसनपार (न्यू जर्सी)
मी फार लिहीत नाही. वेळ भारतीय करा म्हणणाऱ्यांना आठवण, ३४ पैकी ९ जण भारताबाहेर आहोत. तुमच्या रात्री अकराला आमची दुपार असते, ऑफिस असतं. मुक्त खानदेश यांना एक तास चुकला म्हणून वाईट वाटलं. मला गेल्या तीन निवडणुका अशाच चुकल्या आहेत, कारण तुमच्या गप्पा आणि उमेदवारांची भाषणं मी झोपलेली असताना होतात.

मुक्त खानदेश
तुमचं पटतं, पण खेळाचं घड्याळ आधीच तुमच्या बाजूचं आहे ना? दोन्ही अपडेट न्यूयॉर्कच्या मध्यरात्री आणि दुपारी. आपली घटना तरी आमच्या बाजूची असू द्या.

हडसनपार (न्यू जर्सी)
बाजू कसली? मी तुमच्याच प्रदेशाची नागरिक आहे. सात वर्षं.

मुक्त खानदेश
शब्द चुकला. मागे घेतो.

कोयनाकाठ
वांद्रे, तुमच्या मित्राबद्दल मी पहिल्या उत्तरात टाळलं, ते चूक झालं. त्या आठवड्यात एन्डॉर्समेंट मीही काढली नाही. डेलिगेट ओळखीचा होता म्हणून. कलम १४ बद्दल मी वर एवढं लिहिलं, आणि वेळ आली तेव्हा मीच पाळलं नाही.

कलम ३१ मध्ये आणीबाणीला ७२ तासांची मुदत आहे, पण ती वाढवता येते, कितीही वेळा. मीच तो मसुदा केला होता २०२१ मध्ये. २०१९ चा अनुभव डोक्यात होता म्हणून डेलिगेटच्या हातात जास्त दिलं. ते काढायला हवं. बाहेर काढलेल्या माणसाला सात दिवसांत निकाल मिळाला नाही तर बंदी आपोआप उठवायची, हे डेलिगेटवर बंधनकारक. न उठवल्यास तो उठाव समजायचा आणि कलम १४ लागू.

वांद्रे बेट
"आपोआप" काही नसतं, बंदी शेवटी बटणानेच उठते, हे तुम्हीच वर सांगितलंत. पण "उठाव समजायचा" हे शब्द ठेवा. ते असते तर दिवाळीत मी तरी गप्प बसलो नसतो.

एक पानाचा हट्ट सोडतो असं समजू नका. कलम ५ ते १२ पदांच्या नावांनी भरलीत, ती आजही फाडावीत असंच माझं म्हणणं आहे. सांस्कृतिक मंत्र्याचा उपमंत्री कोण आहे हे इथल्या एकाला तरी माहीत आहे का?

उत्तर देवगड
मी आहे.

वांद्रे बेट
मग तुम्हीच सांगा, काढू का?

उत्तर देवगड
काढा. त्याऐवजी न्यायमंडळाच्या रिकाम्या जागेवर माझं नाव टाका. आणि दुसऱ्या जागेवर शेवाळ यांचं, त्यांना हिशेब तपासायची आवड आहे.

शेवाळ संस्थान
येतो. मात्र बैठक सकाळी दहाला ठेवायची नाही.

जुना सातारा
मसुदा मी एकत्र करतो: कलम ५ ते १२ रद्द, ३१ ची मुदतवाढ बंद, गणसंख्या फक्त मोठ्या विषयांना. संस्थापकाला तार (खेळातला खासगी निरोप) पाठवतो, त्याच्या पंचविसाव्या दिवसाच्या आत. "मान्य" किंवा "अमान्य", एवढंच उत्तर मागणार.

हडसनपार (न्यू जर्सी)
मतदान पाच पूर्ण दिवस, शनिवार-रविवार त्यात आलेच पाहिजेत. बंद होण्याची वेळ भारतीय आणि न्यूयॉर्क, दोन्ही लिहा.

मुक्त खानदेश
दोन्ही लिहा. आणि नोव्हेंबरात पुन्हा बदलाल तेव्हा मला आधी कळवा.