पंधरा खराब मॅजिक स्टेट घालून एक चांगली कशी काय निघते? प्रोजेक्टसाठी मदत पाहिजे

विद्यानगर_क्यूबिट
नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्स दुसरं वर्ष, कोल्हापूर. प्रोजेक्टला क्वांटम एरर करेक्शन घेतलंय. स्टीन कोडपर्यंत (७ क्यूबिट मिळून १ लॉजिकल, म्हणजे चुकांपासून जपलेला, क्यूबिट) गाडी बरी चाललेली, हॅडमार्ड, एस, सीनॉट यातलं काहीही सातही क्यूबिटवर एकेक करून लावलं की लॉजिकल गेट तयार, विषय संपला. पण टी गेट आलं आणि घोडं अडलं. टी असं थेट लावता येत नाही म्हणून मॅजिक स्टेट, म्हणजे टी गेटचं काम करून देणारी खास क्वांटम स्टेट, आधी बनवून ठेवायची आणि टेलिपोर्टेशननं वापरायची, इथवर समजलं. पण ती स्टेट कोडमध्ये घालतानाच जी चूक होते ती कोडला दिसतच नाही म्हणे, आणि पुढच्याच पानावर १५ खराब स्टेट घातल्या की १ चांगली निघते असं लिहिलंय. खराब माल एकत्र करून चांगला माल कसा होईल राव? आणि स्टीनचे ७ क्यूबिट चालू असताना मध्येच हे रीड-मलर कोडचे १५ कुठून टपकले? सोमवारी प्रेझेंटेशन आहे, कुणीतरी सरळ मराठीत सांगा.

पाचगावकर
भावा, तुझा सगळा घोळ एका जागी आहे, तू दोन वेगळे कोड एकच समजतोयस. एक कोड असतो राहायचा, म्हणजे ज्यात तुझा लॉजिकल क्यूबिट मुक्कामाला आहे, स्टीन म्हण नाहीतर सरफेस कोड म्हण. दुसरा असतो तपासायचा, तो म्हणजे रीड-मलर, आणि त्याचे १५ क्यूबिट म्हणजे १५ सुटे आयन किंवा अणू नव्हेत, पहिल्या कोडमधले १५ लॉजिकल क्यूबिट. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

ईस्टिन आणि निल यांनी २००९ मध्ये सिद्ध केलं की एकाच कोडवर सगळीच गेट अशी एकेक क्यूबिटवर लावून मिळणं शक्य नाही. स्टीनवर क्लिफर्ड गेट (हॅडमार्ड, एस, सीनॉट आणि त्यांच्यापासून बनणारी) मिळतात, टी नाही. १५ वाल्या रीड-मलरवर टी मिळतं, हॅडमार्ड नाही. ब्राव्ही आणि किताएव्ह यांनी २००५ च्या पेपरात हाच रीड-मलर वापरला. १५ क्यूबिटवर लॉजिकल प्लस स्टेट (० आणि १ चं समसमान सुपरपोझिशन) तयार करायची, प्रत्येकावर एक खराब मॅजिक स्टेट खर्चून टी लावायचं, मग तपासायचं. तपासणी चुकली तर अख्खा लॉट फेकून द्यायचा, दुरुस्त करत बसायचं नाही. म्हणजे खराब माल सुधारत नाही, गडबड झालेला लॉट पुढे जात नाही एवढंच.

बायनरी_ताई
पाचगावकर दादांनी चौकट सांगितली, मी आकडा सांगते कारण प्रेझेंटेशनला हाच प्रश्न येणार. एका स्टेटमध्ये चूक असण्याची शक्यता पी धरली तर बाहेर येणाऱ्या स्टेटची चूक ३५ गुणिले पीचा घन. हे ३५ हातानं काढता येतं आणि मला तरी सगळ्या पेपरात हीच जागा सगळ्यात देखणी वाटते.

१५ क्यूबिटना १ ते १५ नंबर दे आणि ते बायनरीत लिही, ०००१ पासून ११११ पर्यंत. ट्वर्लिंग (ठराविक क्लिफर्ड गेट रँडम लावणं) केलं की खराब स्टेटची चूक फक्त झेड प्रकारचीच, म्हणजे फेज उलटणारी, उरते. ती पकडायला ४ एक्स-तपासण्या आहेत, बायनरीच्या प्रत्येक स्थानाची एक, आणि त्या स्थानावर १ असलेले ८ क्यूबिट तिच्यात येतात. म्हणजे जिथं जिथं चूक झाली त्या नंबरांचा एक्सऑर (बायनरीत हातचा न घेता केलेली बेरीज) तेवढा तुला कळतो, बाकी काही नाही. एकच चूक असेल तर एक्सऑर म्हणजे तोच नंबर, शून्य नाही, पकडला. दोन चुका असतील तर दोन वेगळे नंबर, त्यांचाही एक्सऑर शून्य येत नाही, पकडला. तीन असतील तर मात्र १, २, ३ बघ, ०००१ आणि ००१० चा एक्सऑर ००११, म्हणजे तिन्हींचा मिळून शून्य, तपासणीला सगळं ओके दिसतं आणि चूक सटकते. अशी त्रिकुटं किती? कुठलेही दोन नंबर घेतले की तिसरा आपोआप ठरतो, म्हणून १५ गुणिले १४ भागिले ६, बरोबर ३५.

पी जर हजारात एक असेल तर बाहेर ३.५ गुणिले १० चा उणे ८ वा घात, आणि फेकावे लागतात साधारण १५ पी म्हणजे दीड टक्का लॉट.

आणि हो, या हिशोबात क्लिफर्ड गेट बिनचूक धरलेत. ते तसे मिळतात कारण सगळं राहायच्या कोडच्या आत चाललंय. तो कोड कमी पडला तर १५ काय आणि १५० काय, आउटपुट त्याच्या खाली जाणार नाही.

शिरोली_एमआयडीसी
मी फाउंड्रीतला माणूस, हौस म्हणून वाचतो, त्यामुळं चुकलं तर सांभाळून घ्या. पण हे १५ मोठे लॉजिकल क्यूबिट अडकवून मग लॉट फेकायचा म्हणजे कास्टिंगमधला ब्लो-होल मशिनिंग झाल्यावर सापडण्यासारखं आहे, धातू गेला तो गेलाच, वर मशिनचे तासही गेले. म्हणून मला गिडनी, शटी आणि जोन्स यांचं २०२४ मधलं कल्टिव्हेशन जास्त पटतं. एकच स्टेट छोट्या कलर कोडमध्ये (स्टीनच्याच कुळातला कोड) बनवायची, तिथंच वारंवार तपासायची, पास झाली तरच कोड मोठा करायचा. बहुतेक प्रयत्न फेकूनच द्यावे लागतात पण फेकताना हातात असतं थोडंसंच. गेटची चूक हजारात एक असताना त्यांनी सिम्युलेशनमध्ये २ गुणिले १० चा उणे ९ वा घात इथवर गाठलंय.

@विद्यानगर, तुझ्या स्टीन कोडलाही हे जमतं बरं का. सातही क्यूबिटवर हॅडमार्ड लावलं की लॉजिकल हॅडमार्ड होतं हे तूच वर लिहिलंयस. मग ज्या मॅजिक स्टेटवर हॅडमार्डचा काही परिणामच होत नाही ती निवड, आणि एका जादा क्यूबिटनं लॉजिकल हॅडमार्ड मोज. उत्तर उणे आलं तर फेक. जादा क्यूबिटवरची चूक सातांत पसरली तर कळावं म्हणून शेजारी एक फ्लॅग क्यूबिट ठेवतात. इन्सब्रुकवाल्यांनी आयन ट्रॅपवर २०२२ मध्ये सात क्यूबिटच्या कोडवर मॅजिक स्टेट वापरून टी गेट करून दाखवलंय.

रंकाळा_रिटर्न्स
सगळं ठीक आहे हो पण कोल्हापुरात बसून याचं करायचं काय? मशीन कुठाय?

पाचगावकर
मशीन नसलं तरी अडत नाही, हे काम कागद आणि लॅपटॉपचंच आहे. १५ क्यूबिट म्हणजे ३२,७६८ आकडे, अर्ध्या एमबीत बसतात. स्टिम हे सिम्युलेटर मात्र घेऊ नका, ते क्लिफर्डसाठी आहे, टी त्याला झेपत नाही. आणि खरं सांगायचं तर स्टेट साठवायचीही गरज नाही, ३२,७६८ चुकांचे नमुने एकेक करून तपासा, एक्सऑर शून्य आला तर पास, पास होऊन चुकांची संख्या विषम असेल तर आउटपुट खराब. पायथनच्या दहा ओळी. बाकी मशीनवरचं बघायचं असेल तर हार्वर्ड, एमआयटी आणि क्यूएरा कंपनीनं न्यूट्रल अणूंवर ५ लॉजिकल स्टेटमधून १ काढून दाखवली, २०२५ मध्ये नेचरला आलंय.

विद्यानगर_क्यूबिट
नाद खुळा! दहा ओळी लिहिल्या, चालल्या. तीन चुकांची ३५ आली बरोबर. पण चार चुकांचीही १०५ सटकतात, ती आउटपुट का बिघडवत नाहीत? आणि पी दहा टक्के टाकला तर ३.५ टक्के यायला पाहिजे ना, माझं ४.८ येतंय.

बायनरी_ताई
दोन्ही बरोबर आहेत. सम संख्येनं सटकणारी त्रुटी ही कोडचा झेड-स्टॅबिलायझरच असते, स्टेटवर तिचा काही परिणाम होत नाही, त्या १०५ कडे दुर्लक्ष कर. आणि ३५ पी घन हा पी लहान असतानाचाच हिशोब, दहा टक्क्याला तो तोकडा पडतो. तिथं पाचातला जेमतेम एक लॉट पास होतो, प्रोग्रॅममध्ये तेही छापून बघ. पी सुमारे १४ टक्क्यांच्या वर नेलास की आउटपुट इनपुटपेक्षा वाईट यायला लागेल, तो ग्राफ काढ आणि पहिल्याच स्लाइडवर टाक.