गतिरोधकांनी गाडी झिजते की आपल्या पायाने?

तिसरा_गिअर:
माझी गाडी सेडान, सात वर्षांची. घर ते कामाची जागा या वाटेवर अकरा गतिरोधक आहेत, म्हणजे जाऊन-येऊन बावीस. गेल्या आठवड्यापासून पुढच्या उजव्या बाजूने टक-टक आवाज यायला लागला. गॅरेजमध्ये सांगितलं, लिंक रॉड गेले, म्हणजे सस्पेन्शनमधले जोडणारे छोटे दांडे. दोन वर्षांत दुसऱ्यांदा!
मी बेफाम चालवणाऱ्यांतला नाही. प्रत्येक ब्रेकरला पहिल्या गिअरवर येतो, जवळजवळ थांबतोच. तरी ही गत. वेगाने जाणारे दणकून उडवत निघून जातात, आणि माझ्यासारख्याचे ब्रेक पॅड, क्लच प्लेट, सस्पेन्शन सगळं हळूहळू खलास होतं. माझं सरळ म्हणणं आहे की गतिरोधक हळू ओलांडला तरी तो गाडी खातोच. पटत नसेल तर खोडून दाखवा.

पायी_चालणारी:
नाचता येईना अंगण वाकडं.
ताशी ५० ने येणाऱ्या गाडीसमोर कुणी आलं, तर चालकाच्या लक्षात येईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे आलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, थांबायला आणखी १४ मीटर. ताशी ३० ला हेच सगळं मिळून १३-१४ मीटरांत आटपतं. म्हणजे एक गाडी थांबलेली असते तिथे दुसरीच्या चालकाने अजून ब्रेकला पायही लावलेला नसतो. हा फरक तुमच्या लिंक रॉडपेक्षा मोठा आहे की नाही, तुम्हीच सांगा. पाटी लावून कुणी वेग कमी करत नाही, म्हणून रस्त्यालाच उंचवटा द्यावा लागतो.

तिसरा_गिअर:
ताई, गतिरोधक उखडा असं मी कुठे म्हटलं? प्रश्न एवढाच की गाडीचं नुकसान होतं का. त्याचं उत्तर 'माणसाचा जीव महत्त्वाचा' हे नाही. जीव महत्त्वाचा आहेच. गाडी झिजते, हेही खरं असू शकतं.

गणिती_किडा:
मूळ प्रश्नाला धरून थोडं गणित. कंटाळा येणाऱ्यांनी खालच्या प्रतिसादावर उडी मारावी.
चाक उंचवट्यावरून जाताना त्याला वर ढकलणारा झटका उंचीच्या पटीत वाढतो, वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि उंचवट्याच्या लांबीच्या वर्गाच्या पटीत कमी होतो. वेग दुप्पट केला की झटका चौपट. एवढं सगळे मान्य करतात. लांबी मात्र सगळे विसरतात.
१९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये वॉट्स नावाच्या संशोधकाने गोलसर पाठीच्या उंचवट्याचा एक आकार ठरवला. लांबी सुमारे ३.७ मीटर, उंची सुमारे १० सेंटीमीटर. त्याच्याशेजारी ५० सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर उंच असा आखूड ब्रेकर ठेवून बघा. दुसरा बुटका आहे, तरी त्याच वेगाला त्याचा झटका कागदावर ४४ पट निघतो. लांब उंचवटा ताशी २० ने आणि आखूड ताशी ५ ने ओलांडला, तरीही आखूडच पावणेतीन पट जास्त हाणतो.
प्रत्यक्षात टायर धारदार कडा बऱ्यापैकी गिळतो, त्यामुळे आकडे इतके भयंकर उरत नाहीत. पण दिशा तीच. तेव्हा 'हळू गेलात तर काही होत नाही' हे वाक्य नीट बांधलेल्या उंचवट्यापुरतंच खरं. डांबराचा ढीग ओतून बनवलेल्या टेकाडाला ते लागू नाही.

पायी_चालणारी:
मग तक्रार बांधणाऱ्याविरुद्ध करा, गतिरोधकाविरुद्ध कशाला?

तिसरा_गिअर:
किडेसाहेब, तोंडात साखर पडो. ब्रेक आणि इंधनाचंही गणित मांडा ना.

गणिती_किडा:
मांडतो, पण ते तुमच्या बाजूने जाईलच असं नाही. १२०० किलोची गाडी ताशी ४० वरून १० वर आणली की सुमारे ७० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. पुन्हा ४० गाठायला तेवढीच इंधनातून काढावी लागते. इंजिनाची कार्यक्षमता पाव धरली तर एका ब्रेकरला ८-९ मिलिलीटर पेट्रोल. तुमच्या बावीस ब्रेकरांना रोज २०० मिलिलीटरच्या आतबाहेर. विजेच्या गाडीत यातलं काही बॅटरीत परत जातं.
मात्र हा हिशोब ४० वरून ब्रेक मारणाऱ्याचा. दोन ब्रेकरांच्या मधे मुळात २५ च्या वर गेलाच नाहीत, तर आकडा जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मधल्या टप्प्यात पळवायची आणि मग करकचून दाबायची, ही सवय खर्चिक आहे.

चौदाचा_पाना:
बावीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काढलीत, म्हणून बोलतो. गतिरोधकाने बिघडलेली गाडी दोन प्रकारची येते.
एक, जोरात आदळलेली. टायरच्या बाजूच्या भिंतीला फुगा आलेला असतो. हवा कमी असली की टायर रिम आणि कडेच्या मधे चिमटतो, आतले धागे तुटतात आणि तिथे गोळा येतो. असा टायर फेकायचाच, त्यावर पॅच चालत नाही. शॉकअप गळतात, खाली ऑइलच्या चेंबरला ठोकर बसते, अलाइनमेंट जाते. इथे चूक कुणाची, हे सांगायला नको.
दुसरी, हळू पण वाईट पद्धतीने चालवलेली. यांना आपण किती सांभाळून चालवतो याचा अभिमान असतो, म्हणून सांगायला अवघड जातं. हे लोक ब्रेक दाबलेला ठेवूनच ब्रेकरवर चढतात. ब्रेकमुळे गाडीचं नाक आधीच खाली झुकलेलं, पुढची स्प्रिंग निम्मी दबलेली, आणि त्यात खालून धक्का. चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे, म्हणजे लोअर आर्मचे, रबरी बुश याने फाटतात. ब्रेक आधी मारा आणि चाक चढायच्या क्षणी पाय उचला. तसंच अर्ध्या क्लचवर गाडी रांगवत नेणं. पहिल्या गिअरवर क्लच पूर्ण सोडून जाता येतं, पण भीतीने पाय तिथेच राहतो. त्या प्लेटीचं मरण गतिरोधकाच्या नावावर लिहायचं का, हे तुम्ही मंडळी ठरवा.
गिअरभाऊ, एक सांगा. तुमची सेडान खाली घासते का? आणि ब्रेकर सरळ ओलांडता की तिरपा?

रात्रपाळी:
मी रुग्णवाहिका चालवतो, माझंही ऐका. गाडी झिजते की नाही याचं मला काही पडलेलं नाही. मागे कमरेचं हाड मोडलेला माणूस असतो आणि प्रत्येक ब्रेकरला तो ओरडतो. हळू जावं तर वेळ जातो, पटकन जावं तर तो जातो.
पायी चालणाऱ्या ताईंना विरोध नाही, कारण गाडीखाली आलेली माणसंही मीच उचलतो. पण उपाय आहेत. रस्त्याच्या मधोमध उशीसारखा अरुंद उंचवटा करतात. मोठ्या गाडीची चाकं त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात, लहान गाडीला मात्र एक तरी चाक वर न्यावंच लागतं. असे उंचवटे करायचे सोडून सगळीकडे आडवी भिंत घालायची, हा आळस आहे.

पायी_चालणारी:
रात्रपाळीदादा, हे पटलं. तुमच्यापुढे वाद घालायची माझी टाप नाही. पण नुसत्या उशा घातल्या की दुचाकीवाले मधल्या फटीतून सुसाट जातात, तेही बघितलंय. पादपथाच्या उंचीला आणलेला, वर सपाट असलेला, पायी रस्ता ओलांडण्याचा पट्टा मला त्याहून बरा वाटतो.

गणिती_किडा:
जाता जाता एक गंमत. १९२७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात, सेंट लुइसला, गाड्या फार पळतात म्हणून असे उंचवटे आखून दिले होते. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आपटून कसे विखुरतात हे शोधणारा माणूस शेवटी गाड्यांना आपटवायला लागला.

तिसरा_गिअर:
पानेसाहेब, उशिरा उत्तर देतोय. हो, घासते. मागे तिघं बसले की हमखास. म्हणून मी तिरपी घेतो, एकेक चाक चढवत. आणि जिथे पाणी जायला कडेला जागा सोडलेली असते तिथे डावी चाकं त्या फटीतून काढतो. यात काय चुकलं? सगळे हेच शिकवतात.

चौदाचा_पाना:
पोट वाचवायला बरोबरच आहे. पण लिंक रॉड जातात ते त्यानेच. दोन्ही बाजूंच्या लिंकना जोडणारा आडवा दांडा म्हणजे अँटीरोल बार, तो गाडीला एका बाजूला कलू देत नाही. डावं-उजवं चाक एकदम वर गेलं तर त्या बारला कामच नसतं, तो नुसता सोबत फिरतो. एक चाक वर आणि एक खाली असलं की बार पिळला जातो, आणि तो सगळा ओढा लिंकच्या दोन टोकांच्या छोट्या बॉल जॉइंटवर येतो. दिवसाला बावीस वेळा.

तिसरा_गिअर:
म्हणजे सरळ गेलो तर चेंबर फुटणार, आणि तिरपा गेलो तर लिंक जाणार. मग गतिरोधकच गाडी खातो, हे माझं म्हणणं खरं ठरलं की नाही?

चौदाचा_पाना:
त्या उंचीच्या ब्रेकरपुरतं ठरलं. घासत नाही तिथे मात्र सरळ जा, उगीच सवयीने तिरपे जाऊ नका. अकरातले घासणारे किती?

तिसरा_गिअर:
मोजले नाहीत कधी. तीन असतील. फार तर चार.

चौदाचा_पाना:
मग उरलेले सात सरळ घ्या. लिंक बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदला, आणि नट आवळताना आतली पिन फिरू देऊ नका, नाहीतर जॉइंटवरचं नवं रबरी टोपण, म्हणजे बूट, पहिल्याच दिवशी फाटेल. आवाज तरीही राहिला तर स्टीअरिंग जागेवर वळवून ऐका. तेव्हाही टक आलं तर वरचा स्ट्रट माउंट, म्हणजे शॉकअप जिथे वर बॉडीला बसतो तो भाग, बघायला सांगा.